युद्धकाळातले कापडी पॅच: आधी पाठ बघा, किंमत शेवटी काढा

दुसऱ्या महायुद्धातला म्हणून एखादा पॅच (सैनिकाच्या गणवेशावर शिवायचं तुकडीचं कापडी चिन्ह) हातात आला की बहुतेक लोक ठरलेलं काम करतात, म्हणजे डिझाइन बघायचं, फोटो काढून नेटवर शोधायचं, तसाच दिसणारा कुणीतरी दोनशे डॉलरला लावलेला सापडला की आपल्याकडेही दोनशे डॉलरचा माल आहे म्हणून खूश व्हायचं. सगळा क्रमच उलटा झाला इथे. नक्कल करायला सगळ्यात सोपं काही असेल तर ते डिझाइन, आणि कुणीतरी लावलेली किंमत म्हणजे कुणीतरी मोजलेली किंमत नव्हे. क्रम असा ठेवा: पाठ, कड, दोरा आणि कापड, वापराच्या खुणा, मग डिझाइन, मग कुठे बनला, आणि सगळं झाल्यावर पैसे. खालचं सगळं मुख्यतः अमेरिकन आणि ब्रिटिश (ब्रिटिश इंडियन धरून) पॅचबद्दल आहे, जर्मन मालाचं वेगळं लिहिलंय.

१. तयारी, आणि काय करायचं नाही

सामान फार लागत नाही. दहापट मोठं दाखवणारं भिंग, मिलिमीटरची पट्टी, बोथट टोकाचा चिमटा, एक काळा आणि एक पांढरा कागद, आणि यूव्ही टॉर्च. टॉर्च घेताना ३६५ नॅनोमीटरची घ्या. स्वस्तात मिळणारी ३९५ वाली डोळ्यांना दिसणारा जांभळा उजेडच इतका टाकते की कुठलंही पांढरं कापड चमकल्यासारखं वाटतं आणि लोक चांगला पॅच नकली म्हणून बाजूला टाकतात. रंग बघायचे तर खिडकीजवळ दिवसा, ट्यूबलाइटखाली नको.

हात धुवून पुसून घ्या आणि सगळ्यात आधी फोटो काढा: पुढून, मागून, कडेने, शेजारी पट्टी ठेवून. नंतर काही उसवलं, तुटलं तर आधी कसं होतं याचा पुरावा राहतो.

इशारा: पॅच धुवू नका, इस्त्री करू नका, मागे चिकटलेला कागद किंवा गोंद खरवडू नका. आजकालच्या पावडरमध्ये कापड पांढरं दिसावं म्हणून चमक आणणारी द्रव्यं असतात, ती एकदा दोऱ्यात बसली की यूव्हीची तपासणी त्या पॅचपुरती कायमची गेली, वर लाल रंग फुटतो आणि फेल्ट (न विणता दाबून बनवलेलं जाड कापड) आकसतं ते वेगळंच.

दुसरा इशारा त्याहून मोठा आहे. पॅच युनिफॉर्मवर शिवलेला असेल तर उसवू नका!! सैनिकाच्या कोटावर मूळ शिवणीसकट असलेला पॅच हा स्वतःच एक पुरावा असतो, सुटा केला की तो हजारो तसल्याच पॅचमधला एक होतो, आणि कोटावर त्याच्या आकाराचा डाग तेवढा उरतो.

२. आधी प्रकार ठरवा

हे दोन मिनिटांचं काम आहे पण टाळतात लोक. पॅच भरतकामाने पूर्ण भरलेला आहे (म्हणजे खालचं कापड दिसतच नाही), की कापडावर किंवा फेल्टवर फक्त डिझाइन भरलंय, की फेल्टचे तुकडे कापून एकावर एक शिवलेत, की मागावर विणलाय, की छापलाय, की जरीचा आहे, की चामड्यावर रंगवलाय. पुढच्या प्रत्येक पायरीचे नियम या उत्तरावर बदलतात. अमेरिकन पूर्ण भरलेल्या पॅचचा नियम ब्रिटिश छापील पॅचला लावला की चुकलंच.

छापील दिसला की "हे काय, स्वस्तातली नक्कल" म्हणून फेकणारे खूप भेटतात. ब्रिटिशांनी युद्धाच्या मधल्या वर्षांपासून काटकसर म्हणून फॉर्मेशनचे (म्हणजे डिव्हिजनसारख्या मोठ्या तुकड्यांचे) बिल्ले सुती कापडावर सर्रास छापून घेतले, त्यामुळे ब्रिटिश मालात छापील असणं अगदी नॉर्मल आहे. काहींच्या मागे सीपीए ही अक्षरं आणि साल असा शिक्का मिळतो, म्हणजे कॅलिको प्रिंटर्स असोसिएशनचा. शिक्का चांगली खूण आहे, पण नसला म्हणून खोटा ठरत नाही.

३. पाठ

इथे वेळ घालवा, खरं काम इथेच होतं.

युद्धकाळातले बहुतेक अमेरिकन पॅच शिफ्ली मशीनवर भरलेले आहेत. मोठं लांबलचक मशीन, एका वेळी कापडावर ओळीने कित्येक पॅच भरायचे आणि नंतर कापून वेगळे करायचे. अशा पॅचची पाठ भिंगाखाली धरली की काय दिसतं बघा: खालचा दोरा बहुतेक वेळा पांढरा, सुती, जरा मळकट झालेला, डिझाइनचा आरसा उमटलेला पण रंगांशिवाय, कडेकडेला वरच्या रंगाचे ठिपके डोकावणारे, आणि एका भागातून दुसऱ्या भागात उडी मारून गेलेले दोरे, त्यातले काही तुटून लोंबणारे. थोडी गबाळी पाठ असते ती. काही पॅचमध्ये खालचा दोरा पांढऱ्याऐवजी हिरवट ऑलिव्ह रंगाचा असतो, संग्राहक त्याला ग्रीनबॅक म्हणतात आणि त्याला जास्त पैसे देतात, म्हणून ग्रीनबॅक म्हटलं की लगेच हुरळून न जाता बाकीच्या पायऱ्या दुप्पट काळजीने करा.

आता संशयाची पाठ. मागे प्लॅस्टिकसारखा पातळ थर किंवा इस्त्रीने चिकटवायचा गोंद असेल तर तो नंतरचा. भरतकामाच्या मागे न विणलेल्या कागदासारखं पांढरं अस्तर असेल, जे ओढलं तर धागे न निघता कापसासारखं फाटतं, तर ते आजच्या कॉम्प्युटर मशीनचं काम. टाके सगळीकडे तंतोतंत एका मापाचे, उड्या मारणारे दोरे व्यवस्थित कापलेले, पाठ पोटाइतकीच (म्हणजे पुढच्या बाजूइतकीच) नीटस, तरीही भुवई वर जाऊ द्या.

जरीच्या पॅचमागे मात्र कागद किंवा जाळीदार कापड चिकटवलेलं असणं तेव्हाही सर्रास होतं, तिथे कागद दिसला म्हणून घाबरायचं कारण नाही. कागदावर छापील अक्षरं दिसत असतील तर भिंगाने वाचून बघा, कधीकधी गंमतच होते, पॅच १९४४ चा म्हणून विकतात आणि मागच्या वर्तमानपत्राच्या तुकड्यावर टीव्हीच्या कार्यक्रमांची यादी निघते.

तपासा: मागे अल्बमचा काळा कागद किंवा जुना पिवळा गोंद चिकटलाय का? असला तर तो तसाच राहू द्या. पूर्वीचे लोक पॅच वहीत चिकटवायचे, ती खूण बाजूनेच बोलते.

४. कड

महायुद्धातल्या अमेरिकन पॅचची कड कापलेली असते, म्हणजे भरतकाम संपतं तिथेच कापड कापलंय, कडेला बारीक तंतू दिसतात. याउलट जाड, उठावदार, दोरीसारखी गुंडाळलेली कड, जिचं शेपूट मागे चिकटवलेलं किंवा आत खोचलेलं असतं, ती मेरो कड. अमेरिकन लष्करी पॅचमध्ये ती १९६० च्या दशकापासून सर्रास झाली. मेरो कड आणि "महायुद्धातला आहे" हे एकत्र ऐकलं की पुढे बोलायची गरज नाही.

पण हा नियम एकाच दिशेने चालतो. कापलेली कड आहे म्हणून महायुद्धातलाच असं होत नाही, कारण १९५० च्या दशकातही कापलेल्या कडेचे पॅच बनतच होते, आणि नक्कल करणाऱ्यांनाही ही गोष्ट केव्हाच कळलीये. काही हुशार लोक मेरो कड कातरून टाकतात, तेव्हा डिझाइन कडेला फार चिकटलेलं दिसतं आणि भिंगाखाली कडेलगत रिकाम्या सुईभोकांची रांग सापडते.

काही जुन्या पॅचना डिझाइनभोवती खाकी किंवा ऑलिव्ह रंगाची पट्टी असते, ती नंतर कुणी जोडलेली नसते, मुळातली असते. सुंदर दिसावं म्हणून ती कापून टाकलेले पॅच बघितले की वाईट वाटतं.

५. दोरा, यूव्ही आणि जाळून बघणं

काळ साधा आहे. रेयॉन युद्धाच्या आधीपासून होता. नायलॉन १९३८ ला जाहीर झालं. पॉलिएस्टरचा शोध १९४१ चा, पण बाजारात आलं ते युद्धानंतर. म्हणजे पॉलिएस्टरचा दोरा सापडला की पॅच युद्धकाळातला असूच शकत नाही.

यूव्ही टॉर्च अंधाऱ्या खोलीत पाठीवर आणि पोटावर, दोन्हीकडे मारा. पांढरे दोरे निळसर-पांढरे झगझगीत पेटले तर बहुधा नवीन दोरा. इथे दोन ठिकाणी लोक फसतात. जुना पॅच नंतर कुणीतरी आधुनिक पावडरीत धुतलेला असू शकतो, तो खरा असूनही चमकेल, पण मग बहुतेक वेळा सगळा पॅचच सारखा मंद चमकतो, एखादाच रंग नाही. आणि नवीन सुती दोरा न चमकणारा मिळतोच, त्यामुळे चमकला नाही म्हणजे खरा असा निकाल लावायचा नाही. टॉर्चकडून नकार घ्यायचा, होकार घ्यायचा नाही. बरेच विक्रेते यूव्ही टेस्ट पास असं मोठ्या अक्षरात लिहितात, ते एवढ्यावरच असेल तर त्याला फारशी किंमत नाही.

जाळून बघणं शेवटचा उपाय, आणि फक्त आधीच सुटून लोंबणाऱ्या दोऱ्यावर, चिमट्यात धरून, पॅचपासून लांब. सुती आणि रेयॉन कागदासारखे जळतात, मऊ राख राहते. लोकर आणि रेशीम केस जळल्यासारखा वास देतात. पॉलिएस्टर आणि नायलॉन वितळून कडक मणी होतो. विकत घेतलेला नसेल तर मालकाला विचारल्याशिवाय काडी पेटवू नका, हे सांगावं लागतंय कारण लोक करतात.

६. वापराच्या खुणा

न वापरलेला कोरा पॅच असणं काही गुन्हा नाही. युद्ध संपलं तेव्हा गोदामांत भरपूर माल पडून होता, त्यामुळे नवाकोरा म्हणून नकली हा तर्क टिकत नाही. प्रश्न येतो तो "कोटावरून काढलेला" असा दावा असतो तेव्हा. मग पुढच्या गोष्टी एकमेकांशी जुळतायत का बघा.

शिवणीची भोकं कडेने सगळीकडे असली पाहिजेत, आणि भोकांभोवतीचे दोरे जरा दबलेले. पॅचचं पोट उन्हाने उडालेलं, पण जिथे कड आत मुडपलेली होती तिथे मूळ रंग ताजा, हे सगळ्यात चांगलं लक्षण. फेल्टचा पॅच असेल तर वरच्या तुकड्याची कड चिमट्याने किंचित उचला, खालच्या फेल्टचा झाकलेला भाग गडद दिसला पाहिजे. सगळीकडे, अगदी मुडपलेल्या कडेच्या आतही, एकसारखा तपकिरी रंग असेल तर तो चहा-कॉफीच्या पाण्याचा. वास घेऊन बघा, खरंच येतो कधीकधी.

कसर लोकरीला लागते, सुती भरतकामाला सहसा नाही. त्यामुळे लोकरी फेल्टला दोन-चार भोकं असणं पटतं. पण सिंथेटिक फेल्टला "कसरीची भोकं" दिसली तर ती कुणीतरी कष्ट घेऊन पाडलेली असतात.

७. आता डिझाइन

इतकं सगळं झाल्यावर मगच चित्राकडे या. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ हेरल्ड्रीकडे अधिकृत चिन्हांची रेखाटनं आणि मंजुरीच्या तारखा आहेत, तिथून आकार, रंग, दिशा ताडून घ्या. अमेरिकन सोसायटी ऑफ मिलिटरी इन्सिग्निया कलेक्टर्स ही १९३७ पासूनची जुनी संस्था आहे, तिथल्या जाणत्या लोकांना पाठीचा फोटो दाखवलात तर उत्तर चांगलं मिळतं. पोटाचाच पाठवला तर आधी पाठ दाखवा म्हणतील.

सारख्या दिसणाऱ्या काही चुका सांगतो.

पहिली इन्फंट्री डिव्हिजन, ८२वी आणि १०१वी एअरबोर्न (विमानातून उतरणाऱ्या छत्रीधारी सैनिकांच्या डिव्हिजन) यांची डिझाइनं आजही वापरात आहेत, म्हणजे चित्र बरोबर असलं तरी साल काहीच कळत नाही. पहिल्या डिव्हिजनचा लाल '१' हा आकडा तर फेल्टमध्ये कुणालाही घरी बसून कापता येईल इतका सोपा आहे, त्यामुळे ब्रिटनमध्ये बनलेला म्हणून जास्त पैसे सांगितले की जपून.

आर्मी एअर फोर्सेसच्या पॅचवर पांढऱ्या चांदणीच्या मध्ये लाल ठिपका असतो. विमानांवरच्या चिन्हातून हा लाल ठिपका मे १९४२ मध्ये काढला, म्हणून लाल ठिपक्याचा पॅच त्याआधीचा आणि दुर्मिळ, असं ठोकून देतात. खांद्यावरच्या पॅचमध्ये तो ठिपका पुढेही राहिला, तो अगदी साधा पॅच आहे.

लाल चौकोनावर पिवळं स्वस्तिक दिसलं की लगेच जर्मन समजू नका. अमेरिकेच्या ४५व्या इन्फंट्री डिव्हिजनचं ते जुनं चिन्ह, १९३९ मध्ये बदलून थंडरबर्ड पक्षी आणला.

काही पॅच अशा डिव्हिजनचे आहेत ज्या कधी नव्हत्याच. जर्मनांना चकवायला कागदावर उभ्या केलेल्या ९व्या, १८व्या, २१व्या, १३५व्या एअरबोर्नसारख्या तुकड्यांचे पॅच बनले, आणि संग्राहकांना आवडतात म्हणून युद्धानंतरही बनत राहिले. त्यामुळे "आजोबांनी युद्धात घातलेला" अशी गोष्ट यांच्याबरोबर आली तर गोष्ट ऐका, पैसे त्या गोष्टीचे देऊ नका.

ब्रिटिश बिल्ले दोन्ही बाह्यांवर लावायचे, आणि प्राण्याचं तोंड पुढच्या दिशेला ठेवायची पद्धत, म्हणून डावा-उजवा असे आरशासारखे जोड सापडतात. बैल उलट्या दिशेला बघतोय म्हणून नकली, असं म्हणून लोकांनी जोडीतला एक फुकट घालवलेला आहे. जोड जुळला तर तो दोन सुट्यांपेक्षा जास्त मोलाचा.

८. कुठे बनला: थिएटर मेड आणि जरीचे पॅच

अमेरिकेतून पुरवठा यायची वाट न बघता सैनिक जिथे होते तिथल्या कारागिरांकडून पॅच करून घ्यायचे, त्याला थिएटर मेड म्हणतात (थिएटर म्हणजे युद्धक्षेत्र). इंग्लंडमध्ये फेल्टवर, इटलीत जरीत, असं. किंमत इथेच उडी मारते, आणि नकलाही इथेच जास्त, कारण हातकाम आहे म्हटल्यावर प्रत्येक पॅच वेगळा, आणि "वेगळा दिसतो कारण हाताने बनलाय" हे कुठल्याही नकलेचं समर्थन होऊ शकतं.

चायना-बर्मा-इंडिया थिएटरचा पॅच घ्या. ढालीसारखा आकार, खाली लाल-पांढरे उभे पट्टे, वर निळ्या पट्टीत एका बाजूला चीनचा सूर्य आणि दुसऱ्या बाजूला चांदणी. हिंदुस्थानात बनलेले यातले बरेच जरीचे आहेत, काही चामड्याचे. ब्रिटिश इंडियन डिव्हिजनचे बिल्लेही इथे जाड्याभरड्या कापडावर बनले: ४थीचा लाल गरुड, ५वीचा काळ्यावर लाल गोळा, ७वीचा सोनेरी बाण, १७वीची काळी मांजर. या बिल्ल्यांमध्ये शेपटी जरा लांब, गोळा जरा अंड्यासारखा, असं चालतंच, तिथे अमेरिकन काटेकोरपणा शोधू नका.

जुनी कलाबतू भिंगाखाली बघा. बारीक तार गुंडाळलेली असते, मुलामा जिथे हाताला घासला तिथे उडालेला, खाचेत काळपट, आणि आत तांबं असेल तर टाक्यांच्या मुळाशी हिरवट कीट. आजकालची प्लॅस्टिकची चमकी चपट्या फितीसारखी दिसते आणि काळी पडत नाही. मोठी अडचण वेगळी आहे: जरीकाम उपखंडात आजही तितक्याच चांगल्या हातांनी होतं, खऱ्या तारेने, आणि तार रसायनाने एका रात्रीत काळी करता येते. त्यामुळे जरीवरून निकाल लावू नका. तळाचं कापड, अस्तर, आणि अस्तर शिवलेला दोरा बघा. तार जुन्या पद्धतीची आणि खाली पॉलिएस्टरचं फेल्ट, ही जोडी नेहमी सापडते.

जर्मनी आणि जपानमध्ये बनलेले बरेच सुंदर पॅच युद्धानंतरच्या अमेरिकन ताब्याच्या काळातले आहेत. ते खोटे नाहीत, पण युद्धकाळातले म्हणून विकले तर खोटं ठरतं, आणि किंमतही त्याप्रमाणे धरा.

९. जर्मन माल

नवीन असाल तर लांब राहा, सरळ सांगतो. एसएसचे पॅच या छंदातल्या सगळ्यात जास्त नक्कल झालेल्या वस्तूंपैकी आहेत, आणि मागे लावायच्या आरझेडएमच्या (नाझी पक्षाच्या मालाला मंजुरी देणाऱ्या कार्यालयाच्या) कागदी चिठ्ठ्यांचीही नक्कल होते. जर्मनीत फौजदारी कायद्याच्या कलम ८६अ खाली नाझी चिन्हं सार्वजनिक ठिकाणी दाखवण्यावर बंदी आहे, बऱ्याच विक्रीच्या साइट्सही असा माल ठेवू देत नाहीत. पाठवण्याआधी दोन्ही देशांचे नियम बघा.

१०. किंमत

आता पैसे. तीन गोष्टी आधी लिहून काढा: नक्की कुठला प्रकार (पूर्ण भरलेला, ग्रीनबॅक, थिएटर मेड, छापील), अवस्था, आणि सोबत पुरावा काय. हे लिहिल्याशिवाय भाव शोधायला बसलात की आपल्याला हवा तोच भाव सापडतो.

मग फक्त विकल्या गेलेल्या नोंदी बघा, लावलेल्या नाही. आणि नोंद त्याच प्रकाराची हवी. समजा तुमच्या प्रकाराच्या पाच विक्री सापडल्या: ८, ९, १०, १२ आणि ७० डॉलर. सरासरी काढलीत तर बावीसच्या आसपास येते आणि त्या भावाला तुमचा पॅच वर्षभर पडून राहतो. मधला आकडा धरा, दहा. सत्तरवाला का गेला ते वर्णन वाचून शोधा, बहुतेक वेळा त्याच्याबरोबर सैनिकाचं नाव, पत्र, फोटो असं काहीतरी होतं, किंवा दोन हट्टी लोक भिडले होते.

मग कमी-जास्त करा. भोक, डाग, नंतर कुणी कातरलेली कड, उडालेला रंग यांना वजाबाकी. साध्या पॅचला ही वजाबाकी जबरदस्त असते, कारण घेणाऱ्याला चांगला दुसरा लगेच मिळतो, दुर्मिळ पॅचला ती फार कमी. पुराव्याला बेरीज, पण पुरावा म्हणजे कागद, फोटो, नाव लिहिलेला कोट. तोंडी आठवण पुराव्यात धरू नका.

दुर्मिळ आणि महाग यांचा संबंध लोकांना वाटतो तितका जवळचा नाही. कुठल्यातरी पुरवठा विभागाचा पॅच खूप कमी सापडत असेल, पण शोधणारे चारच असतील तर भाव तिथेच बसतो. याउलट एअरबोर्न, रेंजर्स, फर्स्ट स्पेशल सर्व्हिस फोर्सचा लाल बाणाचं टोक असलेला पॅच, एट्थ एअर फोर्सचे इंग्लंडमध्ये बनलेले प्रकार यांच्यामागे लोक कायम असतात, आणि म्हणून नक्कल करणारेही. बहुतेक साध्या डिव्हिजनचे मशीनचे पॅच काही डॉलरच्या पलीकडे जात नाहीत, वारशात डबाभर मिळाले असतील तर ही तयारी मनात ठेवा.

तपासा: १०१व्यासारख्या पॅचवर वरची एअरबोर्नची पट्टी वेगळी असते. पट्टी आणि पॅच यांचा दोरा, पाठ आणि उडालेला रंग जुळतो का? न जुळणारी जोडी असेल तर दोन वेगळ्या वस्तू म्हणून भाव लावा.

११. ठेवणं आणि विकताना लिहिणं

पीव्हीसीच्या मऊ प्लॅस्टिकमध्ये ठेवू नका, काही वर्षांनी ते चिकट होतं आणि रंग उचलतं. आम्लरहित कागद, सपाट, अंधारात, कोरड्या जागी. लोकरीचे वेगळे, आणि अधूनमधून उघडून कसर बघा. डांबराच्या गोळ्या थेट कपड्याला टेकवू नका.

विकायला काढताना पाठीचा आणि कडेचा फोटो पहिल्या तीनमध्ये टाका, माप मिलिमीटरमध्ये द्या, यूव्हीखाली काय दिसलं ते लिहा, कुठे डाग-भोक आहे ते आपणहून दाखवा. पॅच कुठून आला हे माहीत असेल तेवढंच लिहा. "माझ्या मते युद्धकाळातला" आणि "युद्धकाळातला" यात फरक आहे, पहिल्या सहा पायऱ्यांत एक जरी शंका उरली असेल तर पहिलं वाक्य वापरा आणि परत घ्यायची तयारी ठेवा.